पिवळ्या फॉर्मचा अकरावा प्रश्न

गल्लोगल्ली तिला प्रश्नवाली म्हणत. तोंडावर मॅडम, पाठ वळली की प्रश्नवाली. पाहणी कंपनीत तिला चार वर्षं झाली होती आणि ते नाव आता अंगवळणी पडलं होतं.

काम दिसायला सोपं. दार वाजवायचं, हसायचं पण फार नाही, आणि फॉर्मवरचे प्रश्न वाचून दाखवायचे. लोकांना वाटतं, यात काय अक्कल लागते? अहो, अक्कल बाजूला ठेवायलाच फार अक्कल लागते! छापलंय ते अक्षरन् अक्षर वाचायचं. भुवई उडवायची नाही, मान डोलवायची नाही, कुणी रडायला लागलं तरी "अरेरे" म्हणायचं नाही. आणि कुणी विचारलंच, "अहो, पण म्हणजे काय?" तर एकच ठरलेलं उत्तर द्यायचं, "तुम्हाला जो अर्थ वाटतो तो." नव्या माणसांना हे शिकवायचं काम कंपनीनं तिच्याकडेच दिलं होतं, कारण तिच्यासारखं कोरड्या आवाजात कुणालाच वाचता येत नसे.

या खेपेची पाहणी आरोग्य खात्यासाठी होती. प्रश्न एकोणीस. दवाखान्यात रांग किती, औषधं मिळतात का, डॉक्टर धड बोलतात का. लोक हौसेनं उत्तरं देत. सरकारला घरबसल्या नावं ठेवायची संधी कोण सोडतो? पण अकरावा प्रश्न दोन तऱ्हांनी छापला होता. निळ्या फॉर्मवर होतं, "सरकारी रुग्णालयातला दीर्घकालीन रुग्णांचा कक्ष सरकारनं बंद करावा का?" आणि पिवळ्या फॉर्मवर, "वर्षानुवर्षं रुग्णालयात पडून असलेल्या रुग्णांना सरकारनं त्यांच्या कुटुंबाच्या मायेत परत पाठवावं का?" एका घरी निळा फॉर्म, पुढच्या घरी पिवळा. करायचं होतं ते एकच. कक्षाला कुलूप लावायचं आणि माणसं घरोघरी पोचती करायची.

एका जिन्यावर समोरासमोर दोन सख्खे भाऊ राहत होते. धाकट्याच्या घरी निळा फॉर्म आला. तो खुर्चीतून उठलाच. "बंद? बंद कसला करतायत? गरिबानं जायचं कुठं? लिहा, नाही म्हणून लिहा, मोठ्या अक्षरात लिहा!" समोर थोरल्याकडे पिवळा. त्यानं डोळ्याला रुमाल लावला. "हो तर. आपलं माणूस आपल्या घरीच बरं. सरकारला एवढं कळलं, हेच खूप झालं." दोघं भाऊ रोज संध्याकाळी एकत्र चहा घेणारे, एकाच पक्षाला मत देणारे. एकाच्या लेखी सरकार कसाई, दुसऱ्याच्या लेखी मायबाप, आणि मध्ये दोन पावलांचा जिना.

एरवी तिला हसू आलं असतं. पण त्या कक्षात, खिडकीकडून तिसऱ्या खाटेवर, तिचा दादा होता.

दादा इमारती रंगवायचा. आठ वर्षांपूर्वी परांचीवरून पडला, डोक्यावर. जगला, पण उठला नाही. डोळे उघडे असतात, कधी आवाजाच्या दिशेनं फिरतात, कधी नाही. नळीतून जेवण. दर दोन तासांनी कूस बदलावी लागते, नाहीतर पाठीला जखमा होतात, आणि ते एका माणसाचं काम नाही, दोघं लागतात. झटके येतात तेव्हा तिघं. ती दर रविवारी जायची, गरम पाण्यात टॉवेल पिळून त्याचं तोंड पुसायची, दाढी करायची. गरम टॉवेल गालाला लागला की त्याचा उजवा हात जरासा सैल पडायचा. त्या सैल पडणाऱ्या हातासाठी ती आठवडाभर वाट बघायची. आणि तरीही तो घरी यायला नको होता तिला. दोन खोल्या, गुडघे धरून चालणारी आई, आणि दिवसभर बाहेर असणारी ती. आपला भाऊ आपल्याला घरी नको, हे वाक्य तिनं कधी मनातल्या मनातसुद्धा पुरं केलं नव्हतं.

आईला तर मुळीच सांगितलं नव्हतं. पहिल्याच वर्षी मोठे डॉक्टर म्हणाले होते, "न्यायचं असेल तर न्या, इथं सही करा." तिनं सही केली नाही. घरी येऊन आईला म्हणाली, "सोडत नाहीत गं. सरकारी नियमच आहे तसा." आईनं विश्वास ठेवला; गुडघ्यांमुळे तिला दवाखान्यापर्यंत जाणंच होत नसे. तेव्हापासून टीव्हीवर कुठलाही मंत्री दिसला की आईच्या तोंडाचा पट्टा सुरू होई. "मेल्यांनो, माझं पोर कोंडून ठेवलंत! तुमचं वाटोळं होईल!" मंत्री बदलले, सरकार बदललं, शिव्या त्याच राहिल्या. ती शेजारी बसून मूग गिळून ऐकायची. सरकारला काय, शिव्यांनी भोकं पडत नाहीत, अशी मनाची समजूत घालायची.

पहिला आठवडा तिनं इमानेइतबारे काम केलं. निळ्यावर दहातले आठ 'नाही' म्हणत, पिवळ्यावर दहातले नऊ 'हो'. ती मनात बेरीज करायची आणि जिना उतरायची. मग सोमवारी सकाळी कचेरीत गेली तर टेबलावर पिवळ्याच फॉर्मांचे गठ्ठे.

"निळे कुठायत?" तिनं विचारलं.

"संपले," गठ्ठे वाटणारा कारकून म्हणाला.

"मग छापून येतील ना?"

"नाही येणार. खात्याकडून निरोप आहे. निळा प्रश्न लोकांना गोंधळात टाकतो म्हणे. इथून पुढं सगळं पिवळं." त्यानं तिच्या पुढ्यात साठ फॉर्म सरकवले. "सही करा."

तिनं सही केली. साठ फॉर्म म्हणजे साठ घरं, आणि तिच्यासारख्या आणखी अकराजणी. महिन्याअखेर कुणीतरी सभागृहात उभं राहून सांगणार, की जनतेलाच हे हवंय. आणि त्यातली पन्नासेक 'हो' तिच्या हातची असणार.

त्या दिवशी पहिल्या घरी ती दहाव्या प्रश्नापर्यंत नीट वाचत गेली. अकराव्यावर नजर पडली आणि तिच्या तोंडून निळं वाक्य बाहेर पडलं. मुद्दाम केलं का? पहिल्या घरी तरी नाही. आठवडाभर घोटलेलं वाक्य जिभेवर बसलं होतं, ते आलं. समोरच्या म्हातारबुवांनी तडक "नाही" म्हटलं आणि तिनं पिवळ्या फॉर्मवर 'नाही'च्या चौकोनात खूण केली. दुसऱ्या घरी मात्र ते आपोआप आलं नव्हतं. तिथं तिनं पिवळा कागद डोळ्यांसमोर धरला आणि निळा प्रश्न पाठ म्हटला, त्याच कोरड्या आवाजात. खूण करताना पेन इतकं दाबलं गेलं की कागदाला भोक पडलं.

तीन दिवसांत अशी त्रेचाळीस घरं झाली. ती जेवेनाशी झाली. चोराच्या मनात चांदणं म्हणतात ते खोटं नाही. कुणी मागून चालत आलं तरी तिला वाटे, आला! कारण कंपनीत एक तपासनीस होता. आठ-दहा घरांमागे एका घरी तो गुपचूप पुन्हा जायचा आणि तेच प्रश्न विचारायचा. त्याच्या अहवालानं नावं यादीतून जात, म्हणून सगळ्याजणी त्याला खोडरबर म्हणत. माणूस तसा गरीब होता, सर्दीनं कायम बेजार, खिशात दोन रुमाल.

गुरुवारी त्यानं तिला आतल्या खोलीत बोलावलं. टेबलावर तिचे पाच फॉर्म पसरलेले होते.

"बसा," तो म्हणाला. "पाच घरी गेलो. अठरा प्रश्नांची उत्तरं तंतोतंत जुळतात. अकराव्याचं एकही नाही. तुमच्याकडे पाचही 'नाही', मी वाचलं तर पाचही 'हो'. काय समजू?"

ती खुर्चीच्या कडेवर टेकली. "लोक मत बदलतात, साहेब."

"दोन दिवसांत? पाचजण? आणि नेमक्या त्याच एका प्रश्नावर?" त्यानं नाक पुसलं. "त्यांना विचारलं मी, बाईंनी काय वाचलं होतं. कुणाला आठवत नाही. काय उत्तर दिलं तेसुद्धा आठवत नाही निम्म्यांना. लोकांना वाटतं, आपण मत दिलं. काय विचारलं होतं ते कोण लक्षात ठेवतो?"

"मग तुम्हीच सांगा, खरं उत्तर कुठलं?" ती एकदम म्हणाली. आवाज चढला होता, तो तिलाच अनोळखी वाटला. "तुमचं की माझं?"

त्यानं पाचही फॉर्म एकावर एक ठेवले. "ते ठरवायचं आपलं काम नाही. आपण फक्त वाचायचं. तुम्हीच सगळ्यांना शिकवता की." मग त्यानं हळूच विचारलं, "तिथं कुणी आहे का तुमचं? कक्षात?"

तिनं होकारार्थी मान हलवली.

"आधी सांगितलं असतंत तर दुसरी पाहणी दिली असती," तो म्हणाला, आणि त्याला खरंच वाईट वाटलेलं दिसत होतं. पण वाईट वाटून कागद बदलत नाही. तिचे त्रेचाळीस फॉर्म रद्द झाले, नाव यादीतून गेलं. ती दाराशी पोचली तेव्हा तो म्हणाला, "आणखी एक. तुम्ही आमच्याकडे होता म्हणून तुमची इमारत पाहणीतून वगळली होती. आता तुम्ही नाही. रद्द झालेल्या घरांच्या बदली घरं लागतील, ती आधी वगळलेल्यांतूनच घेतात. नियम आहे. तेव्हा येईल कुणीतरी एक-दोन दिवसांत."

जिना उतरताना तिला कळलं, की आपल्याच हातानं आपण पायावर धोंडा पाडून घेतलाय.

घरी तिनं आईला सांगितलं, "चार दिवस सुट्टी आहे." आणि मग, जणू सहज, "कुणी प्रश्न विचारायला आलं तर दार उघडू नकोस हं."

"का गं? तू नाही का जात लोकांच्या दारी?"

"उगाच डोकं खातात."

"तू खातेस ते चालतं वाटतं!" आई हसली. तीही हसली आणि स्वयंपाकघरात जाऊन नळ सोडून उभी राहिली. आईला आताच सांगावं, सगळं सांगावं, असं वाटे आणि ती एकच भांडं पुन्हा पुन्हा घासत राही. एक खोटं झाकायला आता ती तिसऱ्या खोट्यावर आली होती. शुक्रवार गेला. जिन्यावर पाऊल वाजलं की ती दाराच्या फटीला डोळा लावायची. दूधवाला यायचा, वरचे आजोबा यायचे.

शनिवारी अकराच्या सुमाराला ती कपडे वाळत घालायला गच्चीवर गेली. परत आली तर दार सताड उघडं आणि खुर्चीत मास्तरीणबाई! शाळेतून निवृत्त झालेल्या, दोन महिन्यांपूर्वीच कंपनीत लागलेल्या आणि तिच्याच हाताखाली शिकलेल्या. मांडीवर चिमट्याची पाटी, पाटीवर पिवळा फॉर्म. तिला बघून त्यांचा चेहरा पडला. घराचा फक्त नंबर दिला होता त्यांना.

"अगं बाई, तुमचं घर?" त्या पुटपुटल्या. मग पाठ ताठ केली, कारण नियम म्हणजे नियम. "घरातल्या मोठ्या माणसांपैकी ज्यांचा वाढदिवस आधी येतो, त्यांनी उत्तरं द्यायची असतात."

"माझा!" आईनं हात वर केला, शाळेतल्या मुलीसारखा. "पुढच्याच आठवड्यात. हिचा होऊन गेला. विचारा मला. जन्मात कुणी काही विचारलं नाही."

प्रश्न सुरू झाले. ती हातात ओली बादली धरून भिंतीला टेकून उभी होती. रांग, औषधं, डॉक्टर. आईनं प्रत्येक उत्तराबरोबर सरकारला एकेक शिवी घातली. मास्तरीणबाई ढिम्म. आठवा झाला, नववा झाला, दहावा झाला.

"प्रश्न अकरा. वर्षानुवर्षं रुग्णालयात पडून असलेल्या रुग्णांना सरकारनं त्यांच्या कुटुंबाच्या मायेत परत पाठवावं का?"

आईचं बोलणं थांबलं. "म्हणजे… म्हणजे घरी सोडणार? माझ्या मुलाला?"

"तुम्हाला जो अर्थ वाटतो तो."

"आई, थांब," ती म्हणाली.

"तिसऱ्यानं बोलायचं नसतं," मास्तरीणबाई खाली बघत म्हणाल्या. "तुम्हीच सांगितलंय."

"आमच्या घरात तिसरं कोण आहे हो?" आई म्हणाली. तिच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं. "लिहा. हो म्हणून लिहा. देवासारखं विचारलंत. आठ वर्षांत पहिल्यांदा सरकारला माणूस आठवला."

मास्तरीणबाईंनी खूण केली. उरलेले आठ प्रश्न कधी झाले ते तिला कळलं नाही. बाई उठल्या, आईला नमस्कार केला, तिच्याकडे न बघता बाहेर पडल्या.

आई पदरानं डोळे पुसत खोलीभर बघत होती. "इकडे भिंतीला लावू त्याची खाट. उजेड येतो. काय गं? तुझं तोंड का असं?"

"आई, सरकारनं नव्हतं अडवलं त्याला." बादली तिनं खाली ठेवली. "डॉक्टर न्या म्हणाले होते. पहिल्याच वर्षी. मी सही केली नाही. मला जमणार नव्हतं. तुला खोटं सांगितलं."

आई हळूच खुर्चीत बसली. मग म्हणाली, "आणि मी ज्या शिव्या घातल्या आठ वर्षं?"

तिनं पायानं बादली भिंतीकडे सारली.

"तू शेजारी बसून ऐकत होतीस."

"हो."

आईनं तोंड फिरवलं. "त्याला तिथं किती माणसं बघतात?" आईनं विचारलं.

तिनं सांगितलं. पहिल्यांदाच सगळं सरळ सांगितलं. दोन तासांची कूस, झटके, नळी, पाठीच्या जखमा, सगळं. आई ऐकत होती आणि तिचे हात गुडघ्यांवर फिरत होते, वर, खाली.

"मग ते माझं 'हो' खोडून ये," आई म्हणाली. "जा पटकन. अजून जिन्यात असेल ती."

ती धावली. मास्तरीणबाई खालच्या मजल्यावर, पायरीवर बसून फॉर्मचं पाकीट पिशवीत ठेवत होत्या. तिनं हात धरला त्यांचा. "बाई, आईला पुन्हा एकदा विचारा. तिला कळलं नव्हतं. एवढा एक प्रश्न."

मास्तरीणबाईंनी वर पाहिलं. त्यांचेही डोळे लाल होते. "पाकीट चिकटवलं गं. आणि कळलं नव्हतं म्हणून पुन्हा विचारायचं, तर मला सगळ्या गावात पुन्हा फिरावं लागेल." त्यांनी हळूच हात सोडवून घेतला.

ती परत वर आली. आई कठडा धरून जिन्याच्या तोंडाशी उभी होती. "खोडलं?"

'बघते म्हणाल्या' हे शब्द तिच्या ओठांवर आले होते. गोड शब्द, घरात चालून जाणारे. तिनं ते गिळले. "नाही. खोडता येत नाही. कक्ष बंद करतील, आई. दादा घरी येईल. आणि मला फार भीती वाटतेय."

आई कठड्याला धरून वरच्या पायरीवर खाली बसली. बसायला तिला वेळ लागला. "मलाही वाटते गं," ती म्हणाली. "तुला वाटतं, मला दिसत नाही माझे गुडघे? पण तिनं मायेचं नाव घेतलं. कुठली आई नाही म्हणेल? तूच सांग, कशी म्हणेल?"

ती आईशेजारी बसली. आईनं तिच्याकडे बघितलं नाही, पण सरकून जागा दिली. खाली मास्तरीणबाईंनी पुढचं दार वाजवलं. दार उघडलं, खुर्ची ओढल्याचा आवाज आला, आणि मग तो कोरडा, सपाट आवाज एकेक प्रश्न वाचत वर येऊ लागला. दोघी मोजत बसल्या. अकरावा आला तेव्हा आईनं तिचं मनगट घट्ट धरलं.

"हो, हो," खालचे शेजारी म्हणाले. "यात विचारायचं काय? लिहा की."